दोन साखरा

पहाटे पाचला निघाले. शिरे नदीवर धुकं.
सायकलच्या कॅरिअरला बर्फाची पेटी,
पेटीत बाटली, बाटलीत गोड पाणी,
दोन साखरांचं.
जानेवारी. मक्याला तुरा आलाय, दाणा नाही.
कोठारातले उंदीरसुद्धा
दुसऱ्या गावी गेलेत.

एस्नाटनं रात्रीपासून पोराला काही दिलं नव्हतं,
मी सांगितलं होतं तसं.
उपाशी पोराला उपाशी ठेवा म्हणायचं,
या कामाचा मला पगार मिळतो.

म्वायी अडीच वर्षांचा. वजनकाट्याला तो एकच वर्षाचा वाटतो.
त्यानं पाणी घटाघटा प्यायलं,
कपात बोट फिरवलं, बोट चाटलं,
मग कपाच्या बाहेरची बाजूही.
मी पिशवी लावली, लावायची तिथं,
आणि आम्ही दोघी आंब्याखाली बसलो
चार तास, त्याच्या लघवीची वाट बघत,
लांबून येणाऱ्या पाहुण्याची बघावी तशी.

"एनेलेसी," ती म्हणाली,
"मी भरवते गं. न्सिमा भरवते,
असली तर वाळकी मासळी कुटून घालते.
खातो. पोट टम्म होतं.
पण अंगी लागत नाही.
जातं कुठे?"

मला शिकवलेलं मी आठवून पाहिलं.
आतडं म्हणजे नुसती नळी नाही, एस्नाट.
आत गवत असतं, ओलं, दाट, उभं,
पात्यापात्याला तोंड.
जेवण त्यातून सावकाश जातं
आणि प्रत्येक पातं आपला घोट घेतं.
उपासमार त्या गवतावर चरते.
तिच्या मागून अंगणातली घाण येते,
कोंबडीच्या पायांनी, विहिरीच्या दोरानं,
त्याच्या त्या चाटलेल्या बोटानं.
पाती आखूडतात. खुंट राहतात.
मग नुसता माळ.
माळावरून पाऊस निघून जातो
तसं तुझं जेवण निघून जातं.
वाढायला गवताला जेवण हवं,
आणि जेवण धरायला गवत.

ती काही बोलली नाही. आपली पालथी मूठ
बराच वेळ बघत राहिली.

मग साखरांचं सांगितलं.
एक बारकी, तिला आत घ्यायचंच असतं.
एक जाडी, तिला उंबऱ्यावरून परत लावायचं.
भिंत धड नसली की
बारकी बाहेर ताटकळते
आणि जाडी फटीतून घुसते.

एस्नाट हसली. आज पहिल्यांदाच.
"खताच्या कूपनांचं आमच्याकडे
अगदी असंच होतं."

तिसऱ्या तासाला म्वायी कोंबडीमागे धावला.
धावला म्हणजे चार पावलं, मग बसला.
तेवढ्यात पिशवी सुटली.
सगळं तिच्या चितेंजेवर आणि खालच्या मातीत.
तिनं कापड सोडलं, कपावर धरून
पिळायला लागली, दात आवळून,
"हे चालेल? एवढं तरी चालेल?"
चार थेंब पडले, कापडाच्या निळ्या रंगाचे.
नाही चालत, एस्नाट.

फॉर्मवर चौकट असते: नमुना वाया.
मी खूण केली. पुढच्या मंगळवारी परत, म्हटलं,
परत उपाशी.
"येऊ दे," ती म्हणाली.
"ते पाणी त्याला आवडलं."

पेटी बांधताना माझी सावली दारावर पडली,
वहिनीच्या खांद्याएवढी मी,
आमच्या घरात सगळेच बुटके,
आम्ही त्याला वंश म्हणायचो.

म्वायी पेजेचा वाडगा तोंडावर उपडा धरून बसला होता.
आंब्याखालची ओल वाळत आलेली
आणि तिच्याकडे मुंग्यांची रांग.
माझ्या आधी
त्यांच्याकडे पोचला होता निकाल.
पण साखर कोणती,
ते त्या सांगत नव्हत्या.